एकरामागे चार प्लॉट
(अंतिम वर्ष, सिव्हिल)

सेमिनारचा विषय द्यायचा शेवटचा दिवस होता. चांगले विषय, म्हणजे सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, बेस आयसोलेशन वगैरे, हुशार मुलांनी आधीच पळवले होते. यादीत उरला होता ‘स्मार्ट ग्रोथ’. सरांनी विचारलं, “घेतोस का?” मी म्हटलं, “घेतो सर.” नावात स्मार्ट आहे म्हणजे काहीतरी सेन्सर-बिन्सर, वाय-फायचे खांब असतील, चार रंगीत स्लाइड टाकल्या की काम झालं, असा माझा हिशोब. दोन रात्री वाचल्यावर कळलं की यात सेन्सर नाही, वाय-फाय नाही, काहीच नाही. हा विषय चक्क आमच्या दारात दर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा निघाला!

मूळ गोष्ट अमेरिकेतली आहे. तिकडे शहरं मैलोन्‌मैल पसरली. एकेक घर म्हणजे अर्धा एकर, दूध आणायला गाडी, शाळेला गाडी. शेती गेली, जंगल गेलं आणि त्या विरळ घरांपर्यंत रस्ते, पाणी, गटार न्यायचा खर्च सरकारच्या बोडक्यावर. मग ओरेगन राज्याने १९७३ साली कायदा केला आणि त्याखाली पोर्टलंड शहराभोवती १९७९मध्ये चक्क एक रेघ ओढली. रेघेच्या आत शहर, बाहेर शेती. गरजेप्रमाणे ती रेघ नंतर थोडी थोडी सरकवली, पण पुसली नाही. मेरिलंड राज्याने १९९७मध्ये वेगळी युक्ती केली. कुणाला कुठेही घर बांधायला थेट बंदी नाही. पण राज्याचा पैसा मात्र ठरवून दिलेल्या वाढीच्या भागातच खर्च होणार. बाकी ठिकाणी हौस असेल तर स्वतःच्या खिशातून करा. याच सुमाराला या सगळ्याला ‘स्मार्ट ग्रोथ’ हे नाव पडलं आणि त्याची दहा तत्त्वं तयार झाली.

आता तुम्ही म्हणाल, पोर्टलंडचं पोर्टलंडला, सांगलीचा काय संबंध? तेच सांगतो.

मी सांगलीतल्या गुंठेवारीत राहतो. जे सांगलीचे आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. होस्टेलवाल्या मित्रांसाठी सांगतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर ३३ बाय ३३. शेतकऱ्याला पैशाची गरज असते, शहरात भाड्याने राहणाऱ्याला घराची. मधे एक एजंट उभा राहतो. शेतात चुन्याची फक्की मारून गुंठा-गुंठा पाडला जातो आणि स्टॅम्प पेपरवर विकला जातो. शेतजमिनीचे असे तुकडे विकायला १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई होती. पण भाड्याच्या खोलीत दोन लेकरं घेऊन राहणाऱ्या माणसाला १९४७चा कायदा कोण सांगणार? माझ्या वडिलांनी असाच एक गुंठा घेतला, मी जन्मायच्या आधी. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. आधी एक खोली, मग दुसरी, मग स्लॅब. आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर असंच वाढलंय.

सेमिनारसाठी मी त्या दहा तत्त्वांची यादी समोर ठेवली आणि गंमत म्हणून आमच्या गल्लीला मार्क द्यायला बसलो. घरं दाटीने असावीत? आहेत, भिंतीला भिंत! घर, दुकान, काम एकाच ठिकाणी मिसळलेलं असावं? आमच्याकडे खाली पिठाची गिरणी, वर मालक, शेजारी शिलाई मशीन, कोपऱ्यावर वडापाव. सगळ्या ऐपतीच्या लोकांना परवडतील अशी घरं? एका खोलीपासून दुमजलीपर्यंत सगळी आहेत. चालत जाता यावं? शाळा, दवाखाना, किराणा, सगळं दहा मिनिटांत. गल्लीला स्वतःचा चेहरा असावा? गणपतीत येऊन बघा. तिकडचे प्लॅनर ज्यासाठी परिषदा भरवतात ते आमच्या गल्लीत कुणीही प्लॅन न करता झालेलं आहे! मी दहापैकी सहा मार्क दिले. मनात आलं, आपण उगाच लाजतो.

पण उरलेल्या चारांत आम्ही साफ नापास. मोकळी जागा आणि नैसर्गिक ओढे राखणं, शून्य. शहर आहे तिथेच आधी भरणं, शून्य. वाढीचे निर्णय आधी आणि सगळ्यांना सारखे कळतील असे घेणं, शून्य. रहिवाशांनी मिळून ठरवणं… त्याबद्दल शेवटी बोलतो.

आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं येतं, आणि यात लोक नेहमी गल्लत करतात. एक कृष्णामाईचं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. २०१९ला आम्ही विट्याला मामाकडे होतो. परत आलो तेव्हा माझ्या दहावीच्या वह्या भिंतीला चिकटून वाळल्या होत्या. २०२१ला पुन्हा तेच. तो पूर आमच्या गल्लीत रस्ता रुंद असता तरी आलाच असता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. त्याची कारणं धरण, पाऊस, नदीपात्र अशी लांबवर पसरलेली आहेत. जलसंपदा खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमची गल्ली वसली तेव्हा या रेषा एजंटच्या कागदावर नव्हत्या, एवढंच.

दुसरं पाणी मात्र आमचं स्वतःचं. नदी शांत आहे, पात्रात वाळूचे पट्टे दिसताहेत आणि तरी तासाभराच्या वळवाने गल्लीत गुडघाभर पाणी. ते आठ-आठ दिवस हलत नाही. काळी माती, पाणी मुरत नाही. मग डास, मग ताप, मग शाळा बुडते. हे पाणी देवाने दिलेलं नाही. ते नकाशाने दिलेलं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. आम्ही तिघांनी प्रोजेक्टसाठी गल्लीचं लेव्हलिंग केलं. ऑटो लेव्हल, स्टाफ, आणि मागे पोरांची झुंड. “दादा, टीव्हीवर दिसणार का आम्ही?” सेकंड इयरला कॉलेजच्या ग्राउंडवर तीच तीच बेंचमार्क काढताना जांभया यायच्या, इथे प्रत्येक रीडिंगला पोटात गोळा यायचा. कारण शेवटचं रीडिंग आमच्या उंबऱ्याचं होतं! गल्लीचा सर्वांत खोल भाग मोठ्या रस्त्यापेक्षा जवळजवळ चार फूट खाली निघाला, म्हणजे वस्ती बशीसारखी. त्यात दरवेळी मुरूम टाकून रस्ता उचलला जातो आणि घरं आणखी खाली जातात. ज्यांनी जोतं दोन फूट वर घेतलं होतं ते आज रस्त्याच्या बरोबरीला आलेत. बाकीचे उंबऱ्यावर विटा रचून बसतात.

मग आम्ही जुना गाव नकाशा बघितला. त्यात दोन सर्व्हे नंबरांच्या बांधावरून एक ओघळ दाखवलेली आहे, शेताचं पाणी ओढ्याला नेणारी. आज त्या ओघळीवर सात घरं, एक गिरणी आणि मारुतीचं देऊळ आहे. पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आज्जींना विचारलं तर म्हणाल्या, “तितं ऊस बी धड येत नव्हता रं, पाणी लागायचं मुळाला. तुमी घरं बांदलीसा!” तीन जणांनी चार रविवार उन्हात घालवून जे काढलं ते आज्जींना आधीच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता रस्त्याचं गणित बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला कॅल्क्युलेटरपलीकडे काही लागत नाही. मधे दहा फुटांचा बोळ आणि दोन्ही बाजूंना ३३ फूट खोल प्लॉट, म्हणजे पट्टा ७६ फुटांचा. एक एकरात असे साधारण पस्तीस प्लॉट बसतात. तोच बोळ वीस फुटांचा ठेवला तर पट्टा ८६ फुटांचा होतो आणि प्लॉट बसतात एकतीसच्या आत-बाहेर. फरक किती? चार प्लॉट. एकरामागे चार प्लॉट जास्त विकता यावेत म्हणून आमच्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही, गटाराला जागा नाही आणि पाइप टाकायला जेसीबी वळत नाही. एजंट कधीच निघून गेला. ते चार प्लॉट घेणारेही आमच्यासारखेच, त्यांच्यावर राग कसा काढणार?

सेमिनारमध्ये मी इथपर्यंत आलो तेव्हा सरांनी विचारलं, “मग उपाय काय? अमेरिकेतून आणायचा?” तेव्हा मला उत्तर आलं नाही. नंतर शोधलं तर उपाय आपल्याच घरात पडलेला. भारतातला पहिला नगररचना कायदा १९१५चा, आणि तो मुंबई इलाख्याचा! त्यातली मुख्य कल्पना म्हणजे टीपी स्कीम, नगररचना योजना. वांद्रे, सांताक्रूझ, बोरिवलीकडे आजही पत्त्यात ‘टीपीएस’ ही अक्षरं दिसतात, ती हीच.

कल्पना साधी आहे. घरं व्हायच्या आधी सगळ्या वेड्यावाकड्या शेतांचा एकत्र नकाशा करायचा. प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा कापून घ्यायचा. त्यातून रस्ते, गटार, शाळा, बाग काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी करून, रस्त्याला लागून, त्याच मालकाला परत द्यायची. मूळ भूखंड जातो, अंतिम भूखंड मिळतो. जमीन कमी होते, पण तिची किंमत वाढते. वाढलेल्या किमतीतला काही भाग योजनेच्या खर्चाला. कुणी भूमिहीन होत नाही, आणि एकाच्याच शेतावर बागेचं आरक्षण पडून शेजारी मात्र करोडपती, असंही होत नाही. महाराष्ट्रात १९६६च्या कायद्यातही ही तरतूद आहेच, पण आपला भर राहिला विकास आराखडा आणि आरक्षणांवर. आरक्षण टाकायचं, पैसे नाहीत म्हणून ताब्यात घ्यायचं नाही, आणि दहा वर्षं उलटली की मालक नोटीस देणार. तोवर त्यावर गुंठेवारी झालेली असते!

गुजरातने मात्र ही जुनी युक्ती सोडली नाही. त्यांच्या १९७६च्या कायद्यात हिशोबच दिलेला आहे: साधारण १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागा-मैदानांना, ५ टक्के शाळा-दवाखान्यांना आणि १५ टक्के विकून खर्च भागवायला. एकूण चाळीस. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या रिंगरोडसाठी जमीन मिळवतानाही टीपी स्कीमचाच मोठा आधार घेतला गेला. आणि पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन सरकारची वाट न बघता स्वतःच एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. मगरपट्ट्याचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण तिथे बहुतेक शेतकरी एकमेकांचे भाऊबंद होते आणि शहर आयटीच्या पैशाने त्यांच्या दारात आलं होतं. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. शिवाय तिथल्या गल्लीत पिठाची गिरणी नाही, हेही लक्षात ठेवा.

टीपी स्कीम म्हणजे जादूची कांडी, असंही मी म्हणणार नाही. नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्रात मालकाला चाळीस टक्के आणि योजनेला साठ, असं ठरलं आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचं काय चुकलं? ज्याच्याकडे दहा एकर आहेत त्याला चार उरतात, तो तरून जातो. ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत त्याचे चार गुंठे होतात. किती कापायचं, कुणाकडून जास्त कापायचं, हे जमिनीच्या मालकांबरोबर बसून ठरवलं नाही तर टीपी स्कीमही एजंटच ठरते, फक्त शिक्का असलेला. भुजमध्ये २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर जुन्या कोटाच्या आतलं शहर टीपी स्कीमनेच नव्याने मांडलं. तिथे लहान प्लॉटवाल्यांकडून कमी आणि मोठ्यांकडून जास्त जागा घेतली. लोकांनी ते स्वीकारलं. पण तिथे घरं पडलेली होती. आमची उभी आहेत. आम्ही काय भूकंपाची वाट बघायची?

आपल्याकडे क्रम असा आहे: आधी वस्ती, मग पाणी तुंबणं, मग मोर्चा, मग कायदा. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, आणि तेव्हाच्या वस्त्यांसाठी ते योग्यच होतं. माणसांना काय नदीत ढकलायचं? पण पुढे २०२१मध्ये दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत आणली गेली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत गुंठे पडतच होते. एजंटांना यातून काय संदेश गेला असेल ते सांगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. मेरिलंडवाले म्हणाले पैसा आधी ठरवू, घरं मागून येतील. आपण म्हणतो घरं येऊ देत, पैसा बघू.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आज शहराच्या कडेला ज्या शेतांत ऊस उभा आहे, द्राक्षबागा आहेत, तिथे पहिला प्लॉट विकला जाण्याआधी टीपी स्कीमचा नकाशा झाला पाहिजे, आणि त्यावर पहिली रेघ ओघळीची ओढली पाहिजे, रस्त्याची दुसरी. आणि जी गुंठेवारी झालेली आहे ती पाडायची भाषा नको. तिथे गल्लीगल्लीने बसून ओघळ मोकळी करायची, आणि नियमित करण्याच्या नावाखाली जो पैसा गोळा होतो तो त्याच गल्लीत, त्याच गटारात घालायचा.

आपल्या कॉलेजबद्दलही बोलायला हवं. बीम कसा डिझाइन करायचा हे आपण चार सेमिस्टर शिकतो. तो बीम कुठल्या जमिनीवर उभा राहावा आणि कुठल्या जमिनीवर मुळीच राहू नये, हे टाउन प्लॅनिंगच्या एका इलेक्टिव्हमध्ये, आणि तो आमच्या वर्गात बारा जणांनी घेतला. मीही घेतला नव्हता. काळ्या मातीत पाया कसा घ्यावा यावर व्हायव्हात हमखास प्रश्न येतो. काळ्या मातीत ऊसच का राहू नये, असं कुणी विचारत नाही.

आता ते दहावं तत्त्व, रहिवाशांनी मिळून ठरवण्याचं. आमचं लेव्हलिंग झाल्यावर मारुतीच्या देवळात मीटिंग घेतली. आम्ही कार्डशीटवर नकाशा लावला. प्रस्ताव असा: प्रत्येक घराने पुढची तीन फूट जागा सोडायची. दहा फुटांचा बोळ सोळा फुटांचा होईल, एका बाजूने बंद गटार जाईल, आणि देवळाच्या मागून, कुणाची खोली न पाडता, ओघळीला वाट मिळेल. तीन फूट गुणिले ३३, म्हणजे घरटी ९९ चौरस फूट. नऊ टक्के! गुजरातेत चाळीस टक्के देतात, आपण नऊ देऊ, असं मी मोठ्या उत्साहात बोललो. टाळ्या पडतील असं वाटलं होतं.

कोणी काही बोललं नाही. मग गिरणीवाले काका हळूच म्हणाले, “चाळीस टक्के रिकाम्या रानाचं देत्यात. आमच्या नऊ टक्क्यात मीटर हाय, जिना हाय, मोरी हाय.” हे मात्र माझ्या सेमिनारमध्ये नव्हतं. सुरुवातीला रानातले चाळीस टक्के द्यायला जितकं जड जातं त्याहून घर झाल्यावरचे नऊ टक्के जड जातात.

तरी एकेक करून लोक तयार होताहेत. बावीस घरांपैकी सतरा सह्या झाल्या आहेत. गिरणीवाल्या काकांनी तर स्वतःचा ओटा फोडून घ्यायची तयारी दाखवली, गिऱ्हाइकाची गाडी आत येईल म्हणून. उरलेल्या पाचांत एक घर आमचं आहे. रात्री जेवताना मी विषय काढला तर पप्पा म्हणाले, “आरं, तीन फूट तीन फूट लावलंयस. ती पायरी बांधाय मी रातपाळी केलीया. तुला टेपावर तीन फूट दिसतंय.” आई काही बोलली नाही. तिने फक्त ताट उचललं आणि खालच्या कप्प्यातल्या भांड्यांकडे बघितलं. २०१९पासून ती खालच्या कप्प्यात धान्य ठेवत नाही.

प्रोजेक्ट रिपोर्टचं बाइंडिंग पुढच्या आठवड्यात आहे. सह्यांचा कागद परिशिष्टात लावायचा आहे. काल संध्याकाळी पप्पा टेप मागत होते. कशाला, ते सांगितलं नाही. मी दिला.